कडेवरून दिसलेलं लहानपण

न्हावरे, ता. शिरूर
११ जानेवारी २०२५

अक्का, पाया पडते.

संक्रांत तीन दिवसांवर आलीय म्हणून सोबत तिळगूळ पाठवतेय. वाटेत चुरा झाला तर पोस्टमनला बोल, मला नको. खरं तर फोनच केला असता, पण तुझा फोन गोकुळ उचलतो आणि दर वेळी सांगतो, "मावशी, आई दळण आणाया गेलीया." सव्वा वर्ष दळण चाललंय, अक्का. कुरकुंभातल्या सगळ्या कंपन्यांच्या कँटीनचं पीठ तूच आणतेस की काय? पोटचा पोर तुझ्यासाठी किती खोटं बोलतो ते बघून मला त्याची कीव येते.

म्हणून हा कागद. फोन तू घेत नाहीस, पण लिहिलेला कागद तू कधी फाडलेला मी पाहिला नाही. किराणाच्या पुडीचा कागदसुद्धा तू घडी घालून ठेवायचीस. वाचून दाखवायला नात आहेच. ऋतिका बाळा, मी तुझ्या आज्जीची धाकटी बहीण, न्हावऱ्याची सारिका, शाळेत शिकवते ती. मोठ्यानं वाच आणि मध्ये मध्ये आज्जीच्या तोंडाकडं बघ. हसली तर मला कळव.

आता कामाचं. शिरूरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारे ईश्वर सर आहेत आणि राजश्री मॅडम आहेत. दोघांत मोठा वाद पेटलाय. सर म्हणतात, काळ पुढं गेला तसं पोरांचं लहानपण सुधारत गेलं. पूर्वी घरटी एकदोन पोरं गोवरानं, हगवणीनं जायची आणि उरलेली ढोरांमागं असायची. आता लस आहे, शाळा आहे, खिचडी आहे, मास्तरांना हात उगारता येत नाही. मॅडम म्हणतात, पोरगं जगलं म्हणजे ते सुखात आहे असं कुणी सांगितलं? क्लास, मोबाइल, कुलूपबंद घर आणि खेळायला भिडू नाही. शिवाय 'बालपण' ही गोष्टच अलीकडची, पूर्वी नुसती लहान माणसं आणि मोठी माणसं असायची, असंही त्या म्हणतात. मी दोघांचंही ऐकते आणि जो शेवटी बोलला त्याचं मला पटतं.

पंधरा फेब्रुवारीला कॉलेजात यावर परिसंवाद आहे. पन्नाशीच्या पुढच्या चाळीस माणसांकडून मी फॉर्म भरून आणायचे आणि वर दहा मिनिटं बोलायचं, असं ठरलंय. एक कोरा फॉर्म सोबत आहे. तू भरावास अशी माझी फार इच्छा आहे. तू सांग, ऋतिका लिहील.

माझी पन्नाशी व्हायचीय, तरी मी स्वतःचाही भरायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला अडले. तिथं विचारलंय, 'जन्मतारीख: दाखल्यावरची' आणि त्याच्या खाली 'जन्मतारीख: खरी.' दाखल्यावर माझी एक जून आहे. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक जूनला आठ जणांना शुभेच्छा येतात, कारण त्या काळच्या मास्तरांनी आम्हा सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. पण मी खरी कधी झाले? आबा गेले, आई गेली. आता हे ठाऊक असलेलं माणूस तू एकटीच. तेवढं कळव.

आणि हो, शिक्षकदिनाला माझ्या सत्काराच्या दिवशी तू मध्येच उठून गेलीस ते उन्हामुळंच असणार. मांडवात पंखे नव्हते. पुढं तब्येत कशी आहे?

तुझी
सारी

न्हावरे
२४ जानेवारी २०२५

अक्का,

उत्तर नाही. पोस्ट हळू चालते असं मी धरून चाललेय. तिळगूळ खाल्लास तरी पुरे.

इकडं माझी मजाच झाली. पहिला फॉर्म सोजरबाईंचा घेतला. आपल्या माळाच्या कडेला राहणाऱ्या, तुला कैऱ्या तोडताना पकडणाऱ्या, त्याच. ऐंशीच्या पुढं गेल्यात, कान जरा कमी, जीभ तेवढीच. मी सातवा प्रश्न जसा छापलाय तसा वाचला: "आपले बालपण कोणत्या वयात संपुष्टात आले?" त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाल्या, "योजना हाय व्हय गं? आली कवा आन् संपली कवा? आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

मी इतकी हसले की त्यांनाही हसू आलं. मग घरी येऊन बसले तर हसायचं नव्हतं असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि प्रश्न आपल्या भाषेत विचारला. "आज्जी, तुम्ही हाताशी कधी आलात?" आपल्याकडं पोर घरच्या कामाला उपयोगी पडायला लागलं की हाताशी आलं म्हणतात, त्यातलं. एका दमात उत्तर आलं. "साव्या वर्षी. धाकट्याची झोळी हलवाया." तेव्हापासून मी सगळ्यांना असंच विचारते आणि कुणालाही आठवावं लागत नाही. वय विचारलं तर माणसं बोटं मोजतात, मुलांची लग्नं मागं-पुढं करतात. हाताशी कधी आलात म्हटलं की तो दिवस, ते काम आणि जवळ कोण होतं तेही सांगतात. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात संपतमामा भेटले, वांग्यांच्या पाटीमागं बसले होते. म्हणाले, "पाचव्या वर्षी. कोकरं वळाया." गिऱ्हाइकाला वांगी मोजून देता देता त्यांनी सांगितलं की तीन भावंडं एकाच गोवरात गेली. आणि लगेच म्हणाले, "पर मजा लई व्हती बग पोरी. आताच्या पोरान्ला त्यातलं काय बी न्हाई."

हे कुठल्या चौकटीत लिहू? फॉर्मवर दोनच चौकटी आहेत, 'बरे' आणि 'वाईट.' राजश्री मॅडमना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. ईश्वर सर रागावले. प्रश्न मध्येच बदलला की शास्त्र बिघडतं म्हणे. मी म्हटलं, सर, शास्त्र बिघडू दे, माणसं तरी बोलायला लागली.

माझ्या चौथीच्या वर्गातही विचारलं, कोण कोण हाताशी आलंय? निम्मे हात वर. एक जण म्हणाला, आजोबांच्या मोबाइलवर बँकेचं सगळं मीच करतो. एकजण दोघा भावांना शाळेत घेऊन येते. एक मुलगी रडकुंडीला आली. म्हणाली, "मॅडम, मला कुनी कायच काम सांगत न्हाई." तिला ते कमीपणाचं वाटत होतं. याचाही विचार करतेय.

आणखी एक सांगते. मांडवात पंखे होते. चार होते आणि चालू होते.

तुझी
सारी

न्हावरे
५ फेब्रुवारी २०२५

अक्का,

ऋतिका, हे पत्र आज्जीला एकटीला वाचून दाखव. आई-बाबा कामावर असताना.

त्या दिवशी मी भाषणात काय म्हणाले ते मला पाठ आहे, कारण ते मी तीन दिवस आरशासमोर म्हटलं होतं. मी म्हणाले, "आमचं लहानपण सोन्याचं होतं. मोबाइल नव्हता, ट्यूशन नव्हती. आम्ही दोघी बहिणी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलो. ऊन, वारा आणि मोकळं रान हीच आमची पहिली शाळा." आणि मग मी तुझ्याकडं हात केला आणि म्हणाले, "ही माझी अक्का, विचारा हिला." टाळ्या वाजल्या. माझ्या सत्काराचा नारळ आणि शाल मी तुझ्या मांडीवर धरायला दिली होती. तू दोन्ही खुर्चीवर ठेवलंस, पदर खोचलास आणि गेलीस. मी माइकवरून ते सगळं बघितलं आणि पुढचं वाक्य बोलले.

तू का गेलीस हे मला कळलं नाही असं मी सव्वा वर्ष सगळ्यांना सांगतेय. निम्मं कळलं होतं. तुला शाळा मिळाली नाही, मला मिळाली, म्हणून तुला वाईट वाटलं असेल, असं मी धरलं होतं. आणि खरं सांगू, मला रागही आला होता. माझ्या आयुष्यातला एक दिवस, तोही तुला सहन झाला नाही, असं मी घरी बोलून दाखवलं. भारतना तेव्हाच ते आवडलं नाही. म्हणाले, "अक्कांना विचार तरी." नवऱ्याचं ऐकायची आपल्याला सवय नाही.

बाकीचं निम्मं परवा कळलं. वर्गात मी पोरांना आपल्या मेंढरांची गोष्ट सांगत होते. सांगितलं की माझी सगळ्यात जुनी आठवण म्हणजे मेंढरांच्या पाठी. खाली सगळ्या पाठीच पाठी, पांढऱ्या आणि काळ्या, पार नदीपर्यंत, आणि त्यांच्यावरून मी पुढं पुढं चाललेय. तीच कामाशिवायची मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, तुमी तवा केवढ्या व्हता?" मी म्हटलं, तीन वर्षांची असेन. ती म्हणाली, "मग मेंढरू तुमच्याहून उंच आसंल ना? पाठी वरनं कशा दिसल्या?"

मी पोरांना पाढे लिहायला लावले, अक्का. पंचवीस वर्षं मी ही आठवण सांगतेय आणि मला हा प्रश्न पडला नाही.

घरी येऊन आठवेल तेवढं लिहून काढलं. विहिरीचं पाणी आठवतं, तेही वरून. बोरं आठवतात, ती झाडावरची, हाताला येणारी. आईचा चेहरा आठवतो तो माझ्या चेहऱ्यासमोर, आणि आई उभी आहे. एकही आठवण जमिनीवरून दिसत नाही. पायात काटा मोडल्याची आठवण मला नाही. तुझ्या टाचा आठवतात, संध्याकाळी आई त्यातले काटे काढायची तेव्हाच्या, कारण तेवढ्यापुरतंच तू मला खाली ठेवायचीस.

मग फॉर्म पुन्हा काढला. सातवा प्रश्न: हाताशी कधी आलात? चाळीस जणांनी पटकन उत्तर दिलं आणि मला देता येत नाही. मी हाताशी आलेच नाही. कडेवरून उतरले ती थेट शाळेत गेले. माझ्याऐवजी कुणीतरी आधीच आलेलं होतं.

तू कधी आलीस, अक्का? हे मला माहीत नाही. चाळीस परक्या माणसांना विचारलं, तुला कधी विचारलं नाही. आता विचारतेय. फॉर्मसाठी नाही. तुला द्यायचं नसेल तर उत्तर देऊ नको, पण वाचल्याचं तरी कळव. तुझ्याशी न बोलता मला जमत नाही. सव्वा वर्ष झालं, काहीही घडलं की आधी तुला सांगायचं मनात येतं आणि मग आठवतं.

सारी

[सोबतचा फॉर्म. अक्षर ऋतिकाचं, निळं बॉलपेन.]

नाव: बानूबाई. वय: ५२ (पप्पांनी सांगितलं)

जन्मतारीख, दाखल्यावरची: दाखला न्हाई.

जन्मतारीख, खरी: आबा मेंढरं घिऊन कोकनातनं म्हागारी आले त्या उन्हाळ्यात.

शिक्षण: ११ दिस.

प्रश्न ७. आपले बालपण कोणत्या वयात संपुष्टात आले?
सात. सारी झाली त्या दिशी. नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी. आदल्या दिशी मी लिंबाला झोका खेळले, लई उंच गेला व्हता. मास्तर वस्तीवर यिऊन माझं नाव हजेरीत घालून गेले व्हते, तवा शाळंत जात व्हते. ते प्रत्येकाकडनं आपापलं नाव गिरवून घ्यायचे. मला म्हनले, आज बा गिरव, उंद्या नू. तेवढ्यात आबा दारात आले. म्हनले, चल बानू, तुला भन झाली. मला लई आनंद झाला. पाटी तिथंच ठिवली आन् पळत सुटले. उंद्या यायचंच हाय म्हनून ठिवली.

प्रश्न ९. लहानपणी आपण कोणते खेळ खेळत होता?
सारीला खेळवत व्हते.

प्रश्न १२. आपले बालपण बरे होते की वाईट? (एका चौकटीत खूण करावी)
(आज्जीने खूण करू दिली नाही.) कडंवर बसली तिचं बरं व्हतं. जिनं घेतलं तिला चौकट न्हाई यात.

शेरा: सारे, मला शाळंचं वाईट वाटलं न्हाई. ते कवाच गेलं. तू आमचं म्हनलीस. माझ्याकडं हात करून म्हनलीस. तुझं म्हनायचं. माझं मला कुनी इचारलं का?
(आज्जी इथे उठून पाणी पिऊन आली. मग म्हणाली, लिही, तिळगूळ चांगला व्हता.)

(सारिका आज्जी, हे आज्जीने सांगितलेलं नाही, माझं आहे. आज्जी मला घरातलं काहीच करू देत नाही. ताटपण उचलू देत नाही. म्हणते, तू वाच. मम्मी-पप्पा दोघं शिफ्टला असतात तेव्हा तीच सगळं करते आणि तिचे गुडघे दुखतात. मला भाकरी शिकायची आहे. हे फॉर्ममध्ये कुठे लिहायचं? आणि ती दोन वेळा हसली. पंख्याच्या वेळी आणि दळणाच्या वेळी.)

सही / अंगठा: बा

न्हावरे
१५ फेब्रुवारी २०२५

अक्का,

फॉर्म मंगळवारी मिळाला. सहीच्या जागेवरचं ते अक्षर ऋतिकाचं नाही हे मला लगेच कळलं. काना गिरवून गिरवून कागद तिथं झिरझिरीत झालाय. शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, हजारो पोरांचे पहिले 'बा' मी पाहिलेत. या एका 'बा'वर मी किती रडले ते भारतना विचार. शेजारणीला वाटलं कुणीतरी गेलं.

आजचं सांगते. परिसंवाद झाला. ईश्वर सर तक्ते घेऊन आले होते, राजश्री मॅडम आणखी मोठे तक्ते. माझा नंबर आला तेव्हा मी लिहिलेलं भाषण पिशवीतच ठेवलं. मी म्हणाले, "शिक्षकदिनाला तालुक्यासमोर मी एक शब्द चुकीचा वापरला होता, तो परत घेते. मी 'आमचं लहानपण' म्हणाले. ते माझं होतं. सोन्याचंच होतं, कारण ते मी माझ्या बहिणीच्या कडेवर बसून बघितलं. मी जन्मले त्या दिवशी तिचं संपलं, आणि हे मला विचारायला पंचेचाळीस वर्षं लागली." मग सातव्या वर्षी शाळा सुटली ते सांगितलं आणि तुझं बाराव्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं वाचलं. तुझं नाव घेतलं नाही, तुला विचारलं नव्हतं म्हणून. मग मी खाली उतरले, दहा मिनिटांतली चारच झाली. टाळ्या फारशा पडल्या नाहीत, पण मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या.

नंतर चहाला सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या बहिणीच्या उत्तरानं माझंच सिद्ध झालं. आजची मुलगी सातव्या वर्षी शाळा सोडत नाही." राजश्री मॅडम म्हणाल्या, माझंच सिद्ध झालं, ज्याला तुम्ही बालपण म्हणता ते दुसऱ्या कुणाच्या तरी कष्टावर उभं असतं. दोघं तुझ्या फॉर्मची झेरॉक्स मागत होते. मी म्हटलं, तिला विचारून देते.

मला अजूनही माहीत नाही, अक्का, सुधारलं की नाही. वर्गातली ती पोरगी काम मिळावं म्हणून रडते आणि तुझी ऋतिका भाकरीसाठी पत्रात चोरून अर्ज करते. तू तिला ताट उचलू देत नाहीस ते का, हे आता मला कळतं. पण तिला एक भाकरी थापू दे. तिचं पुस्तक कुणी काढून घेत नाही तोवर ती हाताशी आली तरी बिघडत नाही. हे मी मास्तरीणबाई म्हणून सांगत नाही, आणि तुला पटलं नाही तर तुझंच खरं.

माझा वाढदिवस मला कळला. दाखल्यावर एक जूनच राहू दे, सरकारला एवढी चौकशी नाही. नागपंचमीचा दुसरा दिवस मी आता विसरणार नाही. तुला लई आनंद झाला होता, हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. मला वाटलं होतं तू माझ्यावर पहिल्यापासून रागावली असशील. तू तर पळत आली होतीस.

येत्या शनिवारी, बावीस तारखेला, सकाळची शाळा सुटली की निघते. न्हावऱ्याहून चौफुला, तिथून सोलापूरकडची कुठलीही एसटी, तीनपर्यंत कुरकुंभात येईन. पिशवीत पाटी आणि पेन्सिलींचा डबा आहे. गोकुळला आधीच सांगून ठेव, त्या दिवशी दळण नको. 'बा' तुझा झालाय. 'नू' राहिलाय.

तुझी भन
सारी